एस्पेरांतो कशी लिहायची, कशी बोलायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून एस्पेरांतो शिकणारी मंडळी जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथं एकत्र केले आहेत. व्याकरण बाजूला ठेवलंय, फक्त लेखन आणि उच्चार घेतलेत. सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढं पदोपदी लागेल. या भाषेचे बहुतेक ध्वनी मराठी माणसाच्या तोंडात तयारच असतात. अडतं ते दोन ठिकाणी : रोमन अक्षरं दिसली की आपण इंग्रजीच्या सवयीनं वाचतो, आणि आपली लिपी काही ध्वनींमधला फरक दाखवतच नाही.

१. एस्पेरांतो रोमान्स भाषा आहे की जर्मेनिक?

घडवलेली भाषा आहे, त्यामुळं जन्मानं दोन्ही नाही. तिचा शब्दसाठा मात्र मुख्यतः रोमान्स घराण्यातला, म्हणजे लॅटिन, फ्रेंच, इटालियन यांच्याकडचा. त्याखालोखाल जर्मन आणि इंग्रजीचा वाटा, आणि थोडं स्लाव्ह व ग्रीक. 'आक्वो' (पाणी) आणि 'फ़ेनेस्त्रो' (खिडकी) लॅटिनकडून आले, 'हुन्दो' (कुत्रा) आणि 'तागो' (दिवस) जर्मनकडून. लुडविक झामेनहोफ या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८८७ साली वॉर्सा शहरात या भाषेचं पहिलं पुस्तक काढलं. त्यांचा जन्म १८५९ चा, बियाविस्तोकचा. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे.

२. लिपी रोमन आहे, मग तुम्ही इथं सगळं देवनागरीत का लिहिता?

कारण हे पान उच्चारांचं आहे. रोमन अक्षर डोळ्यांपुढं आलं की इंग्रजी उच्चार आपोआप तोंडात येतो. आधी कान तयार होऊ दे, मग डोळा. पुढं वापरलेल्या खुणा अशा : 'त्स' म्हणजे 'चमचा'मधला च. साधा 'च' म्हणजे 'चहा'मधला. साधा 'ज' म्हणजे 'जेवण'मधला. 'ज़', 'झ़', 'ख़' आणि 'फ़' खाली टिंब देऊन लिहिलेत. त्यांचा खुलासा प्रश्न ६, १० आणि ११ मध्ये आहे. शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला दिसला तर तिथं स्वर अजिबात नाही.

लिहायला मात्र रोमनच शिका. पुस्तकं, पत्रव्यवहार, शब्दकोश सगळं त्यातच आहे. देवनागरी ही वहीच्या समासात उच्चार टिपून ठेवण्यापुरती.

३. वाचनाचा मूळ नियम काय?

एक अक्षर, एक ध्वनी. लिहिलं तसं वाचायचं, मुकं अक्षर कुठंही नाही. भाषेचे जे सोळा मूळ नियम आहेत त्यातला नववा हाच. १९०५ साली फ्रान्समधल्या बुलोन्य-स्युर-मेर इथं भरलेल्या पहिल्या जागतिक संमेलनात या नियमांना भाषेचा कायमचा पाया मानलं गेलं.

वर्णमालेत २८ अक्षरं आहेत : ५ स्वर, २३ व्यंजनं. क्यू, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही चार रोमन अक्षरं नाहीत. अक्षरांची नावंही सोपी आहेत. स्वराचं नाव म्हणजे तो स्वर, व्यंजनाचं नाव म्हणजे त्याला 'ओ' लावून : बो, त्सो, चो, दो. इंग्रजीतली बी, सी, डी ही नावं पहिल्या दिवशीच सोडून द्या, कारण 'सी' म्हणत राहिलात तर ती सवय 'त्स'ऐवजी 'स' वाचायलाच लावणार. या पानावर रोमन अक्षर ओळखता यावं म्हणून मी इंग्रजी नावं वापरली आहेत, तेवढीच सवलत.

४. 'टोपीवाली अक्षरं' म्हणजे कोणती?

सी, जी, एच, जे आणि एस या पाच अक्षरांच्या डोक्यावर छोटी टोपी येते, आणि त्यांचा ध्वनी बदलतो. एस्पेरांतो बोलणारे स्वतःही त्यांना 'टोपी घातलेली' असंच म्हणतात. सहावं खास अक्षर म्हणजे यू, त्याच्या डोक्यावर 'ॲ'वर असतो तसा चंद्र असतो.

टोपीशिवाय आणि टोपीसह जोड्या अशा : सी 'त्स', टोपीवाला सी 'च'. जी कायम 'ग', टोपीवाला जी 'ज'. एच 'ह', टोपीवाला एच 'ख़'. जे कायम 'य', टोपीवाला जे 'झ़'. एस 'स', टोपीवाला एस 'श'. साधा यू 'उ', चंद्रवाला यू म्हणजे निसटता 'व'.

साधा जे म्हणजे 'य' हे नव्यांना सगळ्यात जास्त चकवतं. ती जर्मन पद्धत आहे. 'यारो' म्हणजे वर्ष, जर्मन 'यार'वरून.

सहाही अक्षरं एका दमात घोटायची असतील तर 'एख़ो-शान्जो चिउ-झ़ाव्दे' हा जुना सराव-शब्दप्रयोग आहे. अर्थ 'दर गुरुवारी प्रतिध्वनीचा बदल'. अर्थ फारसा लागत नाही, पण ख़, श, ज, च, झ़ आणि निसटता व हे सगळे त्यात एकापाठोपाठ येतात.

५. सी म्हणजे 'च' असं वर्गात सांगितलं, आणि टोपीवाला सी म्हणजेही 'च'. मग फरक काय?

हा प्रश्न मराठी माणसालाच पडतो, आणि उत्तरही मराठीतच आहे. आपण एकाच अक्षरानं दोन ध्वनी लिहितो. 'चाक', 'चूल', 'चोर' म्हणा आणि मग 'चार', 'चहा', 'चंद्र' म्हणा. पहिल्या गटात जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागं लागतं, दुसऱ्यात जीभ मागं टाळूला टेकते. पहिला ध्वनी म्हणजे साधा सी, दुसरा टोपीवाला. हिंदी भाषकाला हा 'त्स' नव्यानं शिकावा लागतो, तुमच्या घरात तो जन्मापासून आहे.

खरी अडचण पुढं आहे. मराठीत हा दातांजवळचा च 'इ' किंवा 'ए' यांच्यापुढं टिकत नाही. 'चमचा' म्हणून पाहा, मग 'चमचे' म्हणा. अनेकवचनात दुसरा च आपसूक टाळूकडं सरकला. 'माझा'चं 'माझी' होताना झचंही तेच होतं. ही सवय इतकी मुरलेली आहे की 'त्सेलो' (ध्येय) म्हणायला गेलं की 'चेलो' (पेशी, कोठडी) बाहेर पडतं. 'त्सेन्त्' (शंभर) आणि 'देत्सीदो' (निर्णय) यांचीही तीच गत.

यावर उपाय आपल्याच तत्सम शब्दांत सापडतो. 'चिकित्सेत' म्हणा, त्यात 'त्से' आहे. 'कुत्सित' म्हणा, त्यात 'त्सि' आहे. आता पुढचे तुकडे गाळून तेवढाच भाग उचला आणि 'त्सेलो', 'देत्सीदो' म्हणा. 'पात्सो' (शांतता) किंवा 'दान्त्सो' (नाच) यांना असा सराव लागत नाही, तिथं पुढं 'ओ' आहे.

६. झेड, डी-झेड, टोपीवाला जी आणि टोपीवाला जे : चारही मला 'ज' किंवा 'झ'च ऐकू येतात. वेगळे कसे करू?

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मराठीत 'जग'मधला ज आणि 'जेवण'मधला ज असे दोन ध्वनी आहेत. 'जरा' शब्द 'थोडंसं' या अर्थानं म्हणा आणि मग 'म्हातारपण' या अर्थानं म्हणा, फरक लगेच कानाला लागेल. 'जेवण'चा ज म्हणजे टोपीवाला जी. 'जग'चा ज म्हणजे डी आणि झेड शेजारी आल्यावर होणारा ध्वनी, 'एद्ज़ो' (नवरा) या शब्दातला.

उरलेले दोन, म्हणजे एकटा झेड आणि टोपीवाला जे, मराठीत नाहीत. म्हणूनच आपण 'झिरो' आणि 'झेब्रा' लिहितो आणि बरेचदा झ म्हणूनच बोलतो. ते असे काढा : गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि 'स्स्स्स' असा लांब स धरा. गळा शांत असेल. आता जीभ तिळभरही न हलवता आवाज सुरू करा. गळा थरथरला की जो ध्वनी येतो तो 'ज़', म्हणजे झेड. हेच 'श्श्श्श' धरून केलंत की 'झ़' मिळतो, म्हणजे टोपीवाला जे. इंग्रजी 'मेझर' आणि 'टेलिव्हिजन' नीट उच्चारणाऱ्याच्या तोंडी हाच असतो.

पडताळा सोपा आहे. ज़ आणि झ़ श्वास संपेपर्यंत लांबवता येतात. 'जग' आणि 'जेवण' यातले ज लांबवता येत नाहीत, जीभ एकदा टेकते आणि सुटते. 'ज़ोर्गी' (काळजी घेणे) म्हणताना पहिला ध्वनी लांबवता आला नाही तर तुम्ही 'द्ज़ोर्गी' म्हणताय.

फरक अर्थाचा आहे. 'आजो' म्हणजे वय, 'आझ़ो' म्हणजे वस्तू. आणि 'मान्जाझ़ो' (खाण्याचा पदार्थ) या शब्दात दोन्ही आहेत, आधी ज मग झ़. जेवायला बसताना तो रोज एकदा मोठ्यानं म्हणायचा, असं मी सगळ्यांना सांगते.

७. 'सी' म्हणजे स्वतः आणि 'शी' म्हणजे ती. बोलताना दोन्हींचा 'शी'च होतो.

हीसुद्धा मराठीची मुरलेली सवय. पांढरा रस्सा म्हणतो, पण 'रश्श्याची वाटी' म्हणतो. 'म्हैस' आणि 'म्हशी', 'घसा' आणि 'घशात' हेही तसंच. इ आणि य यांच्या शेजारी आला की स बरेचदा श होतो. एस्पेरांतोत स कुठंही असला तरी स राहतो.

'शी आमास् सियान् पात्रीनोन्' म्हणजे 'तिचं आपल्या आईवर प्रेम आहे'. इथं 'सियान्'ऐवजी 'शियान्' म्हटलंत तर आई दुसऱ्याच कुणा बाईची होते. 'सेलो' म्हणजे खोगीर आणि 'शेलो' म्हणजे साल. प्रश्न ५ मधले 'त्सेलो' आणि 'चेलो' यांच्याशी जोडून चारही शब्द ओळीनं म्हणा, यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

८. ए या रोमन अक्षराचा उच्चार अ की आ?

आ. कायम आ. आपला 'अ' एस्पेरांतोत नाहीच. 'मानो' (हात) 'मनो' वाचलंत तर ऐकणारा गोंधळेल.

स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्वदीर्घ भेद अर्थाला लागत नाही, त्यामुळं 'मी' (अर्थ चक्क 'मी'च) थोडा आखूड झाला तरी बिघडत नाही. मराठीत 'करतो' लिहून आपण 'कर्तो' म्हणतो, मधला अ गिळतो. इथं गिळायचं काही नाही. 'कामारादो' (सोबती) मधले तिन्ही आ पूर्ण ऐकू आले पाहिजेत.

आणखी एक : 'काय्' (आणि) हा शब्द देवनागरीत 'कै' लिहू नका. आपला ऐ 'अइ' असतो, इथं आ हवा. सुदैवानं तो आपल्या 'काय'सारखाच वाजतो. तसंच 'आन्ताव्' (आधी, पुढं) मध्ये औ आणू नका.

९. आमच्या गावाकडं 'येक', 'वळख', 'इळा' असं बोलतात. ते आड येतं का?

बोली सोडायची गरज नाही, पण ही तीन वळणं लक्षात ठेवावी लागतात, कारण तिन्हींमुळं शब्द बदलतो. शब्दाच्या सुरुवातीच्या ए मध्ये य घुसला तर 'एन्' (आत) चं 'येन्' (हे बघा) होतं. 'येन् ला दोमो' म्हणजे 'हे बघा घर', आणि तुम्हाला म्हणायचं होतं 'घरात'. हे फक्त गावाकडचं नाही, शहरातही 'एक'चा उच्चार बहुतेकांच्या तोंडी 'येक'च असतो. ओ च्या आधी व येऊ देऊ नका : 'ओवो' (अंडं) चं 'वोवो' होतं. आणि 'विळा'चा 'इळा' करणारी जीभ 'वीरो' (पुरुष) चं 'ईरो' (जाणं) करते.

तोंड उघडून, घसा मोकळा ठेवून थेट ए पासून सुरुवात करायची. दोनचार दिवसांत जमतं.

१०. टी म्हणजे ट की त? फ, ल, र, न यांचं काय?

टी म्हणजे त, डी म्हणजे द. ट, ड, ण, ळ यांना इथं जागा नाही. र आपला मराठी र, अगदी तसाच. इंग्रजी वळणाचा जीभ मागं ओढलेला र नको. एफ म्हणजे खालच्या ओठाला वरचे दात लावून हवा सोडायची, 'फणस'मधला ओठ मिटून काढलेला फ नाही. ख, थ, ध, भ अशी महाप्राण व्यंजनं नाहीत.

११. टोपीवाला एच कसा म्हणायचा, आणि तो खरंच लागतो का?

उर्दू नीट बोलणाऱ्याच्या तोंडचा 'ख़बर'मधला ख़. क च्या जागी जीभ न्यायची, पण पूर्ण टेकवायची नाही, फटीतून हवा जाऊ द्यायची.

हे अक्षर भाषेत दुर्मीळ होत चाललंय. 'तेख़्नीको'च्या जागी 'तेक्नीको', 'आर्ख़ितेक्तो'च्या जागी 'आर्कितेक्तो' ही रूपं रूढ झाली आहेत. पण 'एख़ो' (प्रतिध्वनी) आणि 'चेख़ो' (चेक माणूस) यांत ते टिकून आहे. 'ख़ोरो' (गायकवृंद), 'होरो' (तास) आणि 'कोरो' (हृदय) हे तीन वेगळे शब्द आहेत, म्हणून शिकून ठेवा.

१२. शब्दात जोर कुठं द्यायचा?

शेवटून दुसऱ्या स्वरावर. दहावा नियम. एस्पे-रान्-तो म्हणताना 'रान्' ठसठशीत.

मराठीत जोरानं अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनानं बोलतो आणि ऐकणाऱ्याला शब्द कुठं संपला ते कळत नाही. जोर म्हणजे ओरडणं नाही. तो स्वर किंचित लांब, किंचित वर, एवढंच. अनेकवचनाचा 'य्' किंवा कर्माचा 'न्' लागला तरी जोर हलत नाही, कारण स्वर वाढलेला नसतो : 'क्ना-बो', 'क्ना-बोय्', 'क्ना-बोय्न्' (मुलगा, मुलगे, मुलग्यांना), तिन्हींत 'क्ना'वर.

स्वर मोजायचे कसे ते प्रश्न १३ मध्ये. एकमेव अपवादासारखं दिसणारं प्रकरण प्रश्न २० मध्ये.

१३. 'फ़ामिलीओ'मध्ये जोर 'मी'वर का नाही?

कारण प्रत्येक स्वर वेगळा मोजतात. फ़ा-मि-ली-ओ, चार स्वर, शेवटून दुसरा 'ली'. इंग्रजीची सवय असलेले हमखास 'फ़ामील्यो' म्हणतात. 'रादीओ'त जोर 'दी'वर, 'ताक्सीओ' (टॅक्सी) मध्ये 'सी'वर, 'हिस्तोरीओ'त 'री'वर. रेडिओ, टॅक्सी अशा शब्दांचे ओळखीचे उच्चार कानात बसलेले असल्यामुळं हे सगळे सुरुवातीला खटकतात.

दोन सारखे स्वर शेजारी आले तरी दोन मोजायचे. 'मे-त्रो' म्हणजे मीटर, जोर 'मे'वर. 'मे-त्रो-ओ' म्हणजे मेट्रो रेल्वे, जोर 'त्रो'वर.

य् आणि चंद्रवाला यू हे मात्र स्वर नाहीत. 'होदीआव्' (आज) मध्ये स्वर तीन : हो, दी, आ. जोर 'दी'वर. म्हणून डोक्यावरचा चंद्र गाळून चालत नाही. 'बालाउ' (झाडून काढ!) मध्ये साधा यू आहे, तीन स्वर, जोर 'ला'वर. 'बाल्दाव्' (लवकरच) मध्ये चंद्रवाला यू आहे, दोनच स्वर, जोर 'बाल्'वर. 'त्राय्नो' (रेल्वेगाडी) आणि 'त्रा-ई-री' (मधून पार जाणे) यांतही हाच फरक : पहिल्यात जे, दुसऱ्यात आय.

१४. जोडाक्षर नसून तेच व्यंजन दोनदा आलं तर?

दोन्ही म्हणायची. आपण 'मका' आणि 'मक्का' वेगळे म्हणतोच. 'फ़ीनो' म्हणजे शेवट, 'फ़ीन्नो' म्हणजे फिनलंडचा माणूस. बहुतेक वेळा असं दुहेरी व्यंजन दोन तुकडे जोडल्यानं येतं : 'माल्' आणि 'लोन्गा' मिळून 'माल्लोन्गा' (आखूड).

१५. 'मी स्त्सीआस्' म्हणताच येत नाही. काही युक्ती?

'स्त्सीई' (माहीत असणे) हे क्रियापद सगळ्या देशांतल्या लोकांना जड जातं. युक्ती अशी की स आधीच्या शब्दाला चिकटवायचा : 'मिस् त्सीआस्'. हळूहळू दोन शब्दांतली फट परत जागेवर आणायची. 'त्सि' जमत नसेल तर आधी प्रश्न ५ चा सराव करा, मूळ अडचण तिथं असते.

बाकीची जोडाक्षरं आपल्याला सोपी आहेत. 'क्नाबो' मधला क म्हणायचा, इंग्रजीसारखा गिळायचा नाही. 'स्त्रातो' (रस्ता) तर 'स्त्री' म्हणणाऱ्याला काहीच नाही.

'एक्ज़ेम्प्लो' (उदाहरण) पुष्कळ लोक 'एग्ज़ेम्प्लो' म्हणतात, 'ओक्देक्' (ऐंशी) चं 'ओग्देक्' होतं. वाक् आणि देवी मिळून वाग्देवी होते तसाच हा संधी. बोलण्याच्या ओघात कुणी अडवत नाही, पण शिकताना लिहिल्याप्रमाणं क म्हणा. लिहिताना तर तो कायम क च राहतो.

१६. वहीत देवनागरीत टिपताना अनुस्वार दिला तर चालेल का?

स, श, ह, र यांच्या आधी देऊ नका. 'संसार' किंवा 'अंश' म्हणून बघा, अनुस्वाराच्या जागी न नसून नाकातला व येतो. 'पेंसो' (विचार) लिहिलंत तर तोच वाचला जाईल. 'पेन्सो', 'इन्स्त्रुइस्तो' (शिक्षक) असं पाय मोडून लिहा. क आणि ग च्या आधी चालेल, 'बांको' (बँक) मध्ये ङ येतो तो योग्यच आहे.

१७. कळफलकावर टोपीवाली अक्षरं नाहीत. काय करू?

फोनच्या किंवा संगणकाच्या भाषांच्या यादीत एस्पेरांतो निवडता आली तर तेच उत्तम, युनिकोडमध्ये सहाही अक्षरं आहेत.

ते शक्य नसेल तेव्हा दोन पद्धती. पहिली खुद्द झामेनहोफांनी छापखान्यांच्या सोयीसाठी सुचवलेली : टोपीच्या जागी अक्षरापुढं एच लावायचा, आणि चंद्र सोडून द्यायचा. वाचायला बरी दिसते, पण 'फ़्लुग्-हावेनो' (विमानतळ) मध्ये जी आणि एच मुळातच शेजारी आहेत, तिथं वाचणारा 'ज' म्हणून मोकळा होतो. दुसरी पद्धत एक्स लावायची. एक्स वर्णमालेतच नसल्यामुळं घोटाळा होत नाही, आणि संगणकाला ती आपोआप खऱ्या अक्षरांत बदलता येते. दिसायला ओबडधोबड आहे, तरी माझी शिफारस हीच. फक्त बोर्दोसारखी फ्रेंच नावं आपोआप बदलताना तपासा, त्यांच्या शेवटी यू आणि एक्स असतात आणि यंत्र त्याचा चंद्रवाला यू करून टाकतं.

१८. शब्द इंग्रजी किंवा फ्रेंचमधून आलाय हे दिसतंय, तरी उच्चार तसा का नाही?

कारण शब्द घेताना कधी त्याचं रूप घेतलं, कधी आवाज. 'बोट' हा शब्द डोळ्यांनी घेतला : इंग्रजी स्पेलिंगमधला ओ आणि ए दोन्ही ठेवले, म्हणून 'बो-आ-तो' असा तीन स्वरांचा शब्द झाला. 'बिर्दो' (पक्षी) मध्ये इंग्रजी 'बर्ड'चा आय आणि आर स्पष्ट वाचतात. फ्रेंच 'स्वाफ़' (तहान) चं 'सो-ई-फ़ो' झालं, तेही लिहिण्यावरून. उलट फ्रेंच 'त्रोत्वार' (पदपथ) कानानं घेतला आणि 'त्रोतुआरो' असा उच्चारासारखा लिहिला.

म्हणजे शब्द कुठून आला हे पाहून उच्चार ठरवता येत नाही. समोर अक्षरं आहेत, ती वाचा. मूळ शब्दाचा उपयोग अर्थ लक्षात ठेवायला करा.

१९. कोल्हापूर एस्पेरांतोत कसं लिहू? आणि माझं नाव?

'कोल्हापुरो'. नाम असल्यानं शेवटी ओ, जोर 'पू'वर. आपण 'ल्ह' एकजीव म्हणतो, एस्पेरांतो वाचणारा मात्र 'कोल्-हा-पू-रो' असा ल आणि ह सुटे म्हणेल. इथला रहिवासी 'कोल्हापुरानो', जोर 'रा'वर. महाराष्ट्र म्हणजे 'माहाराश्त्रो', टोपीवाला एस घालून.

व्यक्तीच्या नावाला सक्ती नाही. पारपत्रावर आहे तसं रोमन स्पेलिंग ठेवू शकता, तिथं 'जसं लिहिलं तसं वाचा' हा नियम लागू होत नाही. पण लोकांनी नाव नीट घ्यावं असं वाटत असेल तर ध्वनीप्रमाणं लिहा. 'सचिन'मधल्या च साठी टोपीवाला सी, 'संभाजी'मधल्या जी साठी टोपीवाला जी. 'जी'साठी साधा जे लिहिलात तर परदेशी मित्र 'संभायी' म्हणून हाक मारेल. ळ साठी ल, ण साठी न घ्यावा लागतो, त्याला इलाज नाही. आडनाव पूर्ण मोठ्या लिपीत लिहायची पद्धत या वर्तुळात आहे, कारण कुणाचं आडनाव आधी येतं आणि कुणाचं नंतर.

मोठ्या लिपीबद्दल एवढंच : वाक्याची सुरुवात आणि विशेषनामं मोठ्या अक्षरानं. वारांची नावं आणि 'ला माराता' (मराठी) सारखी भाषांची नावं लहान अक्षरानं लिहिण्याकडं कल आहे.

२०. कवितेत शब्दाच्या शेवटी ओ न लिहिता स्वल्पविरामासारखी खूण असते. तिथं जोर कुठं?

एकवचनी नामाचा शेवटचा ओ, आणि 'ला' या उपपदाचा आ, यांच्या जागी ती खूण देता येते. सोळाव्या नियमानं ही मुभा दिली आहे. ओ गेला तरी जोर जागचा हलत नाही. 'आमीको' (मित्र) मध्ये जोर 'मी'वर, 'आमीक्'मध्येही 'मी'वर, फक्त आता तो शेवटचा स्वर झाला. म्हणजे दहावा नियम मोडलेला नाही, गळालेला स्वर मनात धरून मोजायचं.

विशेषणाचा आ असा गाळता येत नाही. अनेकवचनाचा किंवा कर्माचा प्रत्यय लागलेल्या नामाचा ओसुद्धा नाही. गद्यात 'दान्क् आल्' (च्यामुळं, कृपेनं) अशा मोजक्या रूढ प्रयोगांपलीकडं ही खूण वापरू नये.

२१. के-टी-पी असं संक्षिप्त रूप दिसतं, ते कसं वाचायचं?

पूर्ण : 'काय् तीएल् प्लू', म्हणजे 'इत्यादी'. एस, मधे आडवी रेघ आणि रो असं लिहिलेलं असेल तर 'सिन्योरो' (श्रीयुत) वाचायचं. संस्थांची संक्षेप-नावं अक्षरांच्या नावांनी म्हणतात. १९०८ साली स्थापन झालेली जागतिक एस्पेरांतो संघटना म्हणजे 'उ-ए-आ', 'यू-ई-ए' नाही.

२२. इदो, इंटरलिंग्वा या दुसऱ्या घडवलेल्या भाषांचे मजकूरही मला समजतात. तेही याच नियमांनी वाचू का?

नको. शब्द ओळखीचे वाटतात, नियम वेगळे आहेत. इदो ही १९०७ मध्ये एस्पेरांतोत सुधारणा म्हणून पुढं आली. तिनं टोप्या काढून टाकल्या, 'च' आणि 'श' साठी इंग्रजीसारखी दोन दोन अक्षरं घेतली, आणि क्यू, एक्स, वाय परत आणले. तिथं साधा जे म्हणजे 'झ़', आणि 'य' साठी वाय. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर, पण क्रियापदाच्या मूळ रूपात शेवटच्या 'आर्'वर.

१९५१ सालची इंटरलिंग्वा आणखी दूर आहे. तिथं सी या एकाच अक्षराचे दोन उच्चार : ए, इ च्या आधी बहुधा 'त्स', एरवी 'क'. जोर सर्वसाधारणपणे शेवटच्या व्यंजनाआधीच्या स्वरावर. त्याशिवाय १९२२ ची ऑक्सिडेंटल आणि भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांची १९२८ ची नोव्हिअल आहे, त्यांचे लेखननियम पुन्हा आपापले.

यातली कुठली भाषा आवडली तर जरूर शिका. पण एस्पेरांतोतला जे दिसताक्षणी 'य' म्हणण्याइतकी जीभ तयार होईपर्यंत इदोचं पान उघडू नका, नाहीतर 'यारो' आणि 'झ़ाव्दो' यांची अदलाबदल सुरू होते आणि ती निस्तरायला बराच वेळ जातो.